पहिले बाळंतपण आणि रोजंदारीचे घर : कोणत्या योजना, कोणते कागद आणि कोणत्या क्रमाने?

थोरली बहीण

माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले आहेत आणि सध्या तिचा दहावा आठवडा सुरू आहे. डॉक्टरांनी फेब्रुवारीतली तारीख दिली आहे. तिचे सासर आणि आमचे माहेर, दोन्ही हिंगोली जिल्ह्यात. पण लग्नानंतर ती आणि तिचे यजमान चाकणजवळ भाड्याच्या खोलीत राहतात. यजमान सेंटरिंगचे काम करतात. काम असेल त्या दिवसाची हजेरी मिळते आणि पावसाळ्यात स्लॅब थांबले की हजेरीही थांबते. बहीण गेल्या दिवाळीच्या आधीपासून एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या कामाला जात होती, परंतु उलट्यांचा त्रास वाढल्यामुळे जूनच्या अखेरीस तिने काम सोडले. त्यामुळे आता घरात एकाचीच कमाई आहे आणि तीही अनिश्चित आहे.

सरकारकडून गरोदर बाईला पैसे मिळतात एवढे सर्वांना माहीत असते, पण नेमके काय मिळते हे विचारले की प्रत्येकजण वेगळे सांगतो. शेजारच्या बाईंनी पाच हजार सांगितले, गावाकडच्या नातेवाइकांनी सहा हजार सांगितले, तर सेवा केंद्रात बसणाऱ्या एका माणसाने अकरा हजारांचे आश्वासन देऊन फॉर्म भरण्याचे पाचशे रुपये मागितले. आम्ही ते दिलेले नाहीत.

आमच्या कागदपत्रांची स्थितीही सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे असे मला वाटते. रेशन कार्ड केशरी असून ते सासऱ्यांच्या नावावर गावी आहे. त्यात बहिणीचे नाव अजून चढलेले नाही, ते आमच्या वडिलांच्या कार्डावरच आहे. आधार कार्ड माहेरच्या नावाने आहे. बँकेची खाती दोन आहेत : एक शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी गावी उघडलेले आणि दुसरे पगारासाठी चाकणला उघडलेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे अशी आईची इच्छा आहे. नाव चाकणला नोंदवावे की गावी, आधी कोणता कागद करावा आणि पैशांचा भरवसा कितपत धरावा, याबद्दल ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

गटप्रवर्तक

ताई, तुम्ही पाचशे रुपये दिले नाहीत हे उत्तम केले. या फॉर्मला कुठेही शुल्क नाही. आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टर तो भरून देतात आणि ज्यांना जमते त्यांना संकेतस्थळावर स्वतःही भरता येतो.

आकड्यांचा गोंधळ असा झाला आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. या दोन रकमांची बेरीज करून कोणीतरी अकरा हजार सांगत असावे. तुमच्या बहिणीच्या बाबतीत विषय ५,००० रुपयांचा आहे. पूर्वी ही रक्कम तीन हप्त्यांत मिळत असे, आता ती दोन हप्त्यांत मिळते. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झालेली असेल तर ३,००० रुपयांचा पहिला हप्ता. बाळाच्या जन्माची नोंद होऊन साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २,००० रुपयांचा दुसरा. बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, म्हणून पुष्कळ कुटुंबे निवांत राहतात. अर्ज उशिरा करता येत असला तरी तपासणीची तारीख मागे नेता येत नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

म्हणून माझा सल्ला असा की रेशन कार्ड, आधार आणि बँक यांच्या मागे लागण्याआधी याच आठवड्यात चाकणलाच नाव नोंदवावे. नोंदणीसाठी ती त्या गावची रहिवासी असण्याची अट नाही. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळते आणि तिचा एक नोंदणी क्रमांक तयार होतो. हा क्रमांक आणि हे कार्ड तिच्याबरोबर माहेरी जाते, सासरी जाते, जिल्हा रुग्णालयातही जाते. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांच्या नोंदी असतात. प्रत्येक तपासणीनंतर सिस्टरांकडून तारीख आणि सही कार्डावर झाली आहे ना, हे तिथेच उभे राहून पाहावे. पुढे कोणत्याही कार्यालयात हाच एक कागद उपयोगी पडतो, आणि त्यातली रिकामी चौकट नंतर कोणी भरून देत नाही.

पात्रतेसाठी एका लांब यादीतली एकच गोष्ट लागते. अन्नसुरक्षा कायद्याखालचे रेशन कार्ड, दारिद्र्यरेषेखालील कार्ड, अनुसूचित जाती किंवा जमातीचा दाखला, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड किंवा कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपेक्षा कमी असल्याचा दाखला, यांपैकी काहीही चालते. याशिवाय चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या स्त्रिया, किसान सन्मान निधी मिळणाऱ्या शेतकरी स्त्रिया आणि स्वतः अंगणवाडी सेविका, मदतनीस व आशा याही पात्र आहेत. म्हणजे रेशन कार्डावर नाव नाही म्हणून हा अर्ज अडू नये. तलाठ्यांच्या अहवालावरून मिळणारा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा, तो इतरही ठिकाणी लागेल. पतीचे आधार कार्ड आता सक्तीचे नाही, त्यामुळे एकल किंवा सोडून दिलेल्या मातांचाही मार्ग मोकळा झाला आहे. इथे कोणी तशी ताई वाचत असेल तर तिने मागे हटू नये.

आणि पैशांच्या भरवशाबद्दल तुम्ही विचारले आहे म्हणून स्पष्ट लिहिते. ही रक्कम वेळेवर आली तर चांगलेच, पण बाळंतपणाचा खर्च तिच्यावर बेतू नये. पहिला हप्ता पाचव्या महिन्यात आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत आणि बाळ चालायला लागल्यावर आलेल्याही पाहिल्या आहेत. गरीब घराचे बाळंतपणात खरे नुकसान हप्ता उशिरा आल्याने होत नाही. जी सेवा फुकट मिळायला हवी होती तिच्यासाठी उसने पैसे काढल्यामुळे होते. त्याबद्दल आमच्या परिचारिका ताई अधिक अधिकाराने लिहू शकतील.

बँकेतला माणूस

दोन खात्यांच्या प्रश्नावर लिहितो, कारण आमच्या शाखेत दर आठवड्याला एखादी माता हीच तक्रार घेऊन येते. फॉर्ममध्ये ज्या पासबुकाची प्रत जोडली, पैसे त्याच खात्यात येतील असे सर्वजण धरून चालतात. तसे होत नाही. ही रक्कम आधार क्रमांकावरून जाते आणि त्या क्षणी आधार ज्या खात्याशी थेट लाभासाठी जोडलेले असेल त्या खात्यात जमा होते. एका आधारला अशी एकच बँक जोडलेली असते आणि जी जोडणी सर्वांत शेवटी झाली तीच चालू राहते. त्यामुळे चाकणच्या पासबुकाची प्रत दिलेली असताना पैसे गावच्या शिष्यवृत्तीच्या खात्यात जाऊन पडलेले असतात, आणि ते खाते कित्येक वर्षे व्यवहार नसल्यामुळे बंद अवस्थेत गेलेले असते. मोबाइलचे सिमकार्ड घेताना अंगठा देऊन नकळत उघडल्या गेलेल्या खात्यात रक्कम गेल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत.

आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहण्याची सोय आहे. तिथे बँकेचे नाव दिसते. बहिणीने ते आजच पाहावे, मात्र त्यासाठी आधारला तिचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. दिसणारी बँक चुकीची असेल तर ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत जाऊन आधार जोडणीचा संमती अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. 'तुमची केवायसी झालेली आहे' हे काउंटरवरचे उत्तर पुरेसे मानू नये, कारण केवायसी आणि थेट लाभाची जोडणी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जवळ बँक नसेल तर पोस्टमनकडून टपाल खात्याच्या पेमेंट बँकेचे खाते घरबसल्या उघडता येते.

नावाबद्दल एक विनंती. आधार माहेरच्या नावाने आहे तर या काही महिन्यांत ते तसेच राहू द्यावे. आधार, बँक आणि योजनेचा अर्ज यांवर एकच नाव असणे महत्त्वाचे आहे. मग ते माहेरचे असो वा सासरचे. अर्ज भरल्यानंतर मधेच नाव बदलले की जुळणी बिघडते आणि मग ती दुरुस्त करायला बाळाला मांडीवर घेऊन फिरावे लागते.

परिचारिका

गटप्रवर्तक ताईंनी माझ्याकडे बोट दाखवले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ सालापासून सुरू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या कोणत्याही स्त्रीला, तिची जात, रेशन कार्डाचा रंग किंवा बाळंतपण कितवे आहे हे न पाहता, सर्व सेवा मोफत देण्याचे बंधन त्यात आहे. त्यात साधी प्रसूती येते आणि सिझेरियनही येते. औषधे, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, रक्ताची पिशवी, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण, घरून रुग्णालयात आणणे, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलवणे आणि शेवटी घरी सोडणे, हे सर्व त्यात येते. आजारी बाळाला एक वर्षाचे होईपर्यंत उपचार मोफत आहेत. कमी वजनाचे किंवा कमी दिवसांचे बाळ नवजात शिशू कक्षात पंधरा-वीस दिवस ठेवावे लागले तर खासगीत त्याचे बिल किती होते, हे ज्यांनी भरले आहे त्यांनाच विचारावे. मातृवंदनेचे पाच हजार त्या बिलाच्या एका दिवसालाही पुरत नाहीत.

प्रत्यक्षात काय होते तेही लिहायला हवे. औषध संपलेले असते, बाहेरची चिठ्ठी लिहून दिली जाते आणि नवरा रात्री मेडिकल शोधत फिरतो. रक्तासाठी आधी रक्तदाता आणा असे सांगितले जाते. अशा वेळी भांडू नये आणि गप्पही राहू नये. चिठ्ठी हातात घेऊन ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना शांतपणे विचारावे की हे जननी शिशु सुरक्षेखाली मिळायला हवे ना. रुग्णालयाजवळ रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो आणि अशी औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्याचा अधिकारही असतो. अनेकदा नुसत्या या प्रश्नाने व्यवस्था होते. तरीही पैसे खर्च करावे लागलेच तर चिठ्ठी आणि बिल दोन्ही जपून ठेवावीत आणि लेखी अर्ज द्यावा. १०४ या आरोग्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी स्वतः या व्यवस्थेत नोकरी करते आणि तरीही हे लिहिते, कारण विचारणारे नातेवाईक असले की आम्हालाही वरून साठा मागवणे सोपे जाते.

तपासण्यांबाबत एक तारीख लक्षात ठेवावी : दर महिन्याची ९. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची तपासणी डॉक्टर स्वतः करतात. धोक्याचे बाळंतपण आधीच ओळखण्याची ती संधी आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, आणि ७ च्या खाली असेल तर तो गंभीर मानतात. पॅकिंगच्या कामात उभे राहून, धड न जेवता आलेल्या मुलींमध्ये तो सर्रास आढळतो. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायच्या आहेत. त्या चहाबरोबर घेऊ नयेत आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नयेत. दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे.

खेडचा वाचक

परिचारिका ताईंचा आदर राखून लिहितो. आम्ही माझ्या पत्नीच्या वेळी सरकारी रुग्णालयातच नाव घातले होते, पण आठव्या महिन्यात तिथली गर्दी, एका खाटेवर दोन बायका आणि बोलण्याची पद्धत पाहून पत्नी घाबरली आणि आम्ही खासगीत गेलो. सिझेरियन झाले. पंचेचाळीस हजार रुपये व्याजाने काढले. मोफत सेवा कागदावर आहे हे मान्य आहे, पण जिथे बाईला माणसासारखी वागणूक मिळण्याची खात्री नाही तिथे तिने जावे असा आग्रह आपण कसा धरायचा?

परिचारिका

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच सुचवते की निर्णय आठव्या महिन्यात घाबरून घेण्याऐवजी पाचव्या-सहाव्या महिन्यात पाहून घ्यावा. त्या परिसरातली दोन-तीन सरकारी ठिकाणे पाहावीत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि चांगले चालणारे प्राथमिक आरोग्य केंद्र यांत फार फरक असतो. तिथे रात्री डॉक्टर असतात का, सिझेरियन होते का, रक्त साठवण्याची सोय आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. साध्या प्रसूतीसाठी उत्तम आरोग्य केंद्रे मी पाहिली आहेत, जिथे मोठ्या रुग्णालयापेक्षा आपुलकीने काम होते. प्रसूतीच्या वेळी एक बाईमाणूस सोबत राहू देण्याची तरतूद आहे, ती आग्रहाने मागावी. आई किंवा बहीण जवळ असली की वागणुकीतही फरक पडतो.

कामगार कार्यकर्ता

सर्वांनी मातृवंदनेवर भर दिला आहे, परंतु मूळ पोस्टमधल्या एका ओळीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. बहीण गेल्या दिवाळीआधीपासून जूनपर्यंत कारखान्यात होती. तिच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात होता का? ठेकेदाराच्या कामगारांनाही तो लागू असतो, पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर. पगाराची पावती पाहावी. पावती नसेल तर बँकेत जमा होणारी रक्कम आणि ठरलेली मजुरी यांतला फरक पाहावा. विमा क्रमांक असेल तर कोणकोणत्या महिन्यांचे अंशदान (विम्याची वर्गणी) भरले गेले ते ईएसआयच्या संकेतस्थळावर दिसते.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे. ईएसआयमध्ये प्रसूतीचा लाभ २६ आठवड्यांचा आहे आणि तो सरासरी दैनिक मजुरीच्या शंभर टक्के दराने मिळतो. दरमहा १२,००० रुपये मजुरी धरली तर ही रक्कम सत्तर हजारांच्या घरात जाते. अट एवढीच आहे की प्रसूतीआधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान असावे. प्रसूती जानेवारी ते जूनमध्ये होणार असेल तर त्यासाठी मागच्या ऑक्टोबरपासून या सप्टेंबरपर्यंतचे दिवस धरतात. तुमच्या बहिणीची तारीख फेब्रुवारीतली आहे, म्हणजे तिने ऑक्टोबर ते जून केलेले काम या हिशेबात बसते. काम सोडले म्हणून हे दिवस पुसले जात नाहीत. ठेकेदार 'तू सोडून गेलीस, आता काही नाही' असे सांगेल. त्यावर विसंबून न राहता विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः जावे.

मात्र एक बाब प्रामाणिकपणे सांगायला हवी. कायद्याने असा प्रसूती लाभ मिळणारी स्त्री मातृवंदनेसाठी पात्र राहत नाही. म्हणून आधी ईएसआयची चौकशी पूर्ण करावी आणि मगच कोणता अर्ज भरायचा ते ठरवावे. आरोग्य केंद्रातली नोंदणी मात्र या निर्णयासाठी थांबवू नये.

थोरली बहीण

सर्वांचे मनापासून आभार. कामगार कार्यकर्ते दादांचा प्रतिसाद वाचून आम्ही लगेच पावत्या शोधल्या. कागदी पावती एकच सापडली, पण तिच्यावर ईएसआयची कपात आणि विमा क्रमांक दोन्ही आहेत. तो क्रमांक घेऊन बहीण सोमवारी शाखा कार्यालयात जाणार आहे. आरोग्य केंद्रात तिचे नावही घातले असून कार्ड मिळाले आहे, हिमोग्लोबिन ९.४ निघाले आहे.

अंगणवाडीबद्दल विचारायचे राहिले. ती तिथली रहिवासी नाही म्हणून तिला आहार मिळणार नाही असे कोणी सांगितले. आणि तिच्या यजमानांच्या बांधकामाच्या कामावरून काही मिळते का?

अंगणवाडी सेविका

ताई, तिला नाव घालता येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत प्रत्येक मातेला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. त्यात रेशन कार्डाचा किंवा गावाचा प्रश्न येत नाही. आधार कार्ड घेऊन जावे. आम्ही पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदणी ॲपमध्ये नाव घेतो. माहेरी गेल्यावर तिथल्या अंगणवाडीत नाव हलवून घेता येते, फक्त जाण्याआधी इथल्या सेविकेला सांगावे. नाव दोन ठिकाणी राहिले तर दुसरीकडची नोंद अडते.

आहाराचे प्रमाण दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. हा घरच्या जेवणाच्या वरचा आहार आहे, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे सांगावे लागते. पाकीट घरी गेले की ते सर्वांत वाटले जाते. मोठ्या कुटुंबात सून एकटी बसून वेगळे काही खाणार नाही, हे आम्ही रोज पाहतो. हिमोग्लोबिन ९.४ असताना तिच्या वाट्याचे तिनेच खाल्ले पाहिजे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत बसवून एक वेळचे पूर्ण जेवण देतात, ती पद्धत मला याच कारणासाठी अधिक योग्य वाटते.

सेंटरिंगवाला

यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मी स्वतः हेच काम करतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी आहे का ते विचारा. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ठेकेदार देतो, किंवा ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडून आणि शहरात पालिकेकडून मिळते. नोंदणी झालेल्या कामगाराच्या पत्नीला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत साध्या प्रसूतीसाठी १५,००० रुपये आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपये मिळतात. नोंदणीचे शुल्क एक रुपया आहे. आमच्या नाक्यावर मात्र नोंदणी करून देतो म्हणून दीड-दोन हजार मागणारे एजंट फिरतात आणि लाभ मिळाला की त्यातही हिस्सा मागतात. त्यांच्या हाती मूळ कागद देऊ नका.

महत्त्वाचे म्हणजे प्रसूतीच्या वेळी नोंदणी जिवंत असली पाहिजे. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. हजेरीच्या कामात माणूस ते विसरतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी नोंदणी संपलेली निघते. फेब्रुवारीची तारीख आहे तर आत्ताच अर्ज टाकावा. पडताळणीला वेळ लागतो. ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतात, कारण सहीमुळे आपल्यावर काही जबाबदारी येईल अशी त्यांना भीती वाटते. आम्ही एका साइटवरचे सगळे मिळून गेलो तेव्हा सही मिळाली.

दोन मुलींची आई

मुलगी झाली तर काय, याबद्दल लिहिते. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची लेक लाडकी योजना आहे. त्यात जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे मिळून १ लाख १ हजार रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असतो. यासाठी मात्र रेशन कार्ड पिवळे किंवा केशरीच लागते आणि वार्षिक उत्पन्न १ लाखापर्यंत असल्याचा दाखला लागतो. त्यामुळे मातृवंदनेसाठी रेशन कार्डाची घाई नसली तरी यासाठी ते काम बाळंतपणाआधी मार्गी लावणे शहाणपणाचे आहे. वडिलांच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आधी घ्यायचा आणि तो जोडून सासऱ्यांच्या कार्डावर नाव चढवायचे. हे दोन्ही अर्ज गावच्या तहसीलमध्ये होत असल्याने बहिणीने प्रवास करण्याची गरज नाही, घरचे कोणी करू शकतात.

पुढच्या हप्त्यांसाठी दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र मागतात. ती शस्त्रक्रिया पतीनेही करता येते, हे आमच्याकडे कोणीच सांगितले नाही. सर्वांनी माझ्याकडेच पाहिले. दुसऱ्या मुलीच्या वेळचे मातृवंदनेचे ६,००० रुपये मला मिळाले. ते एकाच हप्त्यात आले आणि त्यातून मी माझी स्वतःची औषधे आणि धाकटीचे दूध-कपडे केले. पैसे माझ्या खात्यात आले होते म्हणूनच हे शक्य झाले.

गटप्रवर्तक

हिंगोली जिल्ह्याचा उल्लेख आहे म्हणून एक भर घालते. मानव विकास कार्यक्रम राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत चालतो. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील गरोदर स्त्रियांना बुडीत मजुरी म्हणून ४,००० रुपये देण्याची तरतूद आहे. निम्मे नवव्या महिन्यात आणि निम्मे प्रसूतीनंतर. माहेरचा तालुका त्यात असेल आणि ती या गटांत बसत असेल तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठव्या महिन्यातच विचारावे. याच गटांतल्या स्त्रियांना जननी सुरक्षा योजनेतून सरकारी संस्थेतील प्रसूतीसाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपयेही मिळतात. रक्कम लहान आहे, पण ती लवकर मिळू शकते.

माहेरी कधी जायचे हे आधी ठरवावे. सातव्या महिन्यात जाणार असेल तर दोन्हीकडच्या आशाताईंचे मोबाइल क्रमांक बहिणीकडे असावेत आणि इथल्या आशाताईंनी तिथल्या आशाताईंना एक फोन करावा. बाळंतपणाचे रुग्णालय, तिथे पोहोचायला लागणारा वेळ, रात्रीचे वाहन आणि रक्तदात्याची नावे आधी ठरलेली असावीत. वाहनासाठी १०२ आणि आणीबाणीत १०८. तिचे रक्त कमी आहे, त्यामुळे डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात प्रसूती करावी असे सांगितले तर घराजवळ आहे म्हणून लहान ठिकाणाचा आग्रह धरू नये.

थोरली बहीण

माहेरी जायचे असे आता नक्की ठरले आहे. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने नांदेड किंवा हिंगोली यांपैकी जिथे रक्ताची सोय असेल तिथेच प्रसूती करणार आहोत. शेवटची शंका अशी की जन्माचा दाखला कुठे काढायचा? आणि त्यात बहिणीचे नाव सासरचे लिहायचे की माहेरचे?

परिचारिका

ताई, जन्म जिथे होतो तिथल्याच निबंधकाकडे त्याची नोंद होते. राहणे चाकणला असले तरी दाखला रुग्णालय ज्या हद्दीत आहे तिथून मिळेल. सरकारी रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती रुग्णालयच नोंदवते. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क आहे, त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, आधार आणि पुढच्या बहुतेक कामांना हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून धरला जातो, त्यामुळे त्यातली अक्षरे नीट असणे आवश्यक आहे.

आईचे नाव आधार कार्डावर आहे तसेच, म्हणजे सध्या माहेरचे, लिहावे. रुग्णालयात भरती होताना केसपेपरवर जे नाव लिहिले जाते तेच पुढे जन्मनोंदीत जाते आणि घाईत नातेवाईक सासरचे नाव सांगून मोकळे होतात. म्हणून भरतीच्या पिशवीत माता व बाल संरक्षण कार्डाबरोबर आधारची प्रत ठेवावी आणि केसपेपर लिहिला जात असताना ती समोर धरावी. बाळाचे नाव ठरले नसेल तर नावाशिवाय नोंद करता येते, ते एका वर्षाच्या आत विनाशुल्क चढवता येते. घरी सोडण्याआधी दाखला मिळाला नाही तर नोंदणीची पोच घ्यावी आणि बीसीजी, पोलिओ व काविळीची लस दिल्याची नोंद कार्डावर करून घ्यावी. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना चाकणला दिले तरी चालतात.